मागे फिरायचं बटण

मंगळवार, २ जुलै

आजपासून मी नोकरीला लागले. वय कुणी विचारू नये, मलाच नक्की ठाऊक नाही. आमच्या डोंगरातल्या गोरोका गावच्या विमानतळाला पहिलं कुंपण घातलं त्या साली माझा पहिला दात पडला. त्यावरून ज्याला हवं त्यानं मोजावं.

माझी मैत्रीण गेउआ म्हणते, नोकरदार माणसानं रोजवही ठेवावी. ती सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, तिला ठाऊक. कचेरीनं भंगारात काढलेला टाइपरायटर तिनं घरी आणून ठेवला आहे. मी बोलायचं, तिनं टकटक करायची, असं ठरलं. गेउआ समुद्रकाठची, माशांवर वाढलेली. नवरा इथला मास्तर, म्हणून इथल्या थंडीत येऊन पडली. तो गेला तरी ही परत गेली नाही. ती म्हणते, डोंगरातली माणसं आधी भांडतात आणि मग कारण शोधतात. मी म्हटलं, हे वहीत घालू नकोस. घातलंच असणार. मला वाचता येत नाही याचा फायदा घेणारी जगात ही एकच बाई.

तर नोकरी अशी. माझी नात डेल्मा मागच्या आठवड्यात ट्रकच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. कोपरापर्यंत प्लास्टर, महिनाअखेरपर्यंत. ती घरी बसून ब्रिस्बेनच्या एका कंपनीचं काम करते, म्हणजे कॉम्प्युटरनं काय करायचं ते त्याला ओळी ओळीनं लिहून सांगते. सध्याचं काम दवाखान्यांसाठी आहे. बाळाच्या लसीची तारीख आली की आईच्या फोनवर आपोआप निरोप जायचा. शुक्रवारी, बारा तारखेला, ते तिच्या वरच्या बाईला, लिअनला, आणि दवाखान्याच्या मोठ्या लोकांना दाखवायचं आहे. डेल्मा अजून कच्ची नोकरदार. हे नीट झालं तर पक्की होईल.

डाव्या हातानं ती लिहिते. पण दोन-तीन बटणं एकदम दाबली की झटपट होणारी कामं असतात, ती एका हातानं होत नाहीत. म्हणून तिनं एक जुना कीबोर्ड लॅपटॉपला जोडून माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "बुबू, मला अक्षर येत नाही." आमच्यात आजीही बुबू आणि नातही बुबू.

ती म्हणाली, "अक्षरं वाचायची नाहीतच. जागा लक्षात ठेवायच्या. बिलुम विणताना तू कुठं वाचतेस?"

हे खरं. दोऱ्याची पिशवी मी डोळे मिटून विणते. पट्टा डोक्याला अडकवून पिशवी पाठीवर सोडली की नक्षी बरोबर मध्यावर आलेली असते.

गुरुवार, ४ जुलै

आज बटणं शिकले. गेउआला सगळं सांगून ठेवते, म्हणजे विसरले तर तीच मला शिकवेल.

सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात एक बटण आहे. त्याला मी सासू म्हणते. एकटी काही करत नाही, पण तिला धरून ठेवल्याशिवाय घरात काही हलत नाही. करंगळीनं सासू दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटानं दुसरं बटण टिपायचं.

अक्षरांच्या मधल्या रांगेत डावीकडून दुसरं, ते "दार लाव". लिहिलेलं सगळं आत बंद होतं. डेल्मानं बजावलंय, प्रत्येक कामानंतर दार लावायचं. घाबरलीस तर आधी दार लाव, मग मला हाक मार.

त्याच रांगेत चौथ्या बटणावर एक बारीक उंचवटा आहे, बोटाला लागतो. ते "शोध". त्याच्या अलीकडचं "जुळी". एखाद्या शब्दावर उभं राहून ते टिपलं की तो शब्द धरला जातो, परत टिपलं की तसाच पुढचा, परत टिपलं की त्याच्या पुढचा. मग एक बदलला की सगळे बदलतात. वरच्या रांगेत शेवटचं अक्षर "हाक मार". चौकोन उघडतो, त्यात कागदाचं नाव लिहिलं की कागद हजर.

आणि खाली उजवीकडे तिरकी रेघ काढलेलं बटण आहे, ते माझं लाडकं. ते "झोपव". नको असलेली ओळ पुसायची नाही, झोपवायची. ती पानावर राहते पण कॉम्प्युटर तिच्याकडे बघत नाही. परत टिपलं की जागी होते. मी डेल्माला म्हटलं, हे बटण तुझ्या आजोबांच्या हयातीत का नाही दिलंस.

गेउआ टाइप करताना तीनदा थांबली. सव्वीस वर्षं बटणं बडवली, पण यातलं एकही तिला ठाऊक नव्हतं. तोंड जरा लांब झालंय तिचं. छान वाटतंय.

सोमवार, ८ जुलै

डेल्मा नुसती "झोपव" म्हणते, "उचल" म्हणते, आणि माझी बोटं जातात. सासूच्या शेजारणीला धरून वरचा बाण मारला की ओळ उचलून वर जाते, तेही आता येतं. आज दुपारी ती हसत म्हणाली, बुबू, दोन्ही हात धड होते तेव्हा माझं काम एवढं भरभर होत नव्हतं.

मागे फिरायचं बटणही आजच दाखवलं. सासू धरून तळच्या रांगेतलं पहिलं अक्षर टिपायचं. शेवटचं केलेलं जातं. परत टिपलं की त्याच्या आधीचं जातं. मी बघतच बसले. बिलुम ओढून उसवत नाही. चुकलेला फासा दहा ओळींखाली सापडला तर सबंध दोरा एकेका फाशातून उलटा काढत बसावं लागतं. माझ्या आयुष्यातल्या किती दुपारी त्यात गेल्या. आणि इथं नुसतं बोट टेकायचं.

पुढे परत यायचंही बटण आहे, सासू धरून वरच्या रांगेतलं सहावं. पण डेल्मानं एक ताकीद दिली. मागे जाऊन उभी असताना नवं एक अक्षर जरी टाकलंस तर पुढची वाट बुजते. मग परत यायचं नाही.

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

बुधवार, १० जुलै

टॉवर दोन दिवस बंद होता. डेल्मा रोज संध्याकाळी दिवसभराचं काम ब्रिस्बेनला पाठवते, म्हणजे एक प्रत तिकडे राहते. सोमवारी हात दुखतोय म्हणून पाठवलं नाही, काल टॉवर नाही म्हणून राहिलं. आज तिन्हीसांजेला टॉवर आला, तर म्हणाली, उद्या दवाखान्यातून आले की पाठवते. उद्या प्लास्टर तपासायला बोलावलंय. मी म्हटलं, पाठव. तिला आधी चार घास खायला घातले.

गुरुवार, ११ जुलै

आज विशेष काही नाही. महिला मंडळाच्या बायका आल्या होत्या. चहा झाला, रताळी झाली.

गेउआ विचारते, एवढंच का. एवढंच.

शुक्रवार, १२ जुलै

काल डेल्मा दवाखान्यातून दमून आली आणि तशीच झोपली. आज सकाळी लॅपटॉप उघडला. मी चुलीपाशी होते. तिनं आरडाओरड केली नाही. नुसती म्हणाली, "हे काय." मग बराच वेळ बटणांचा आवाज.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवसांत लिहिलेलं मुख्य पान गायब होतं. सोमवारी सकाळी होतं तेवढंच शिल्लक.

तिनं मला विचारलं, "बुबू, काल वीज गेली होती का गं?"

मी म्हटलं, "गेली होती की. बराच वेळ."

दहा वाजता ती लिअनशी आणि दवाखान्याच्या लोकांशी पडद्यावर बोलली. दाखवायला काही नव्हतं. मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेले, ते सगळं संपेपर्यंत बाहेरच. कोंबड्यांनाही आश्चर्य वाटलं असेल, एका दिवसात चार वेळा दाणे.

शनिवार, १३ जुलै

गुरुवारचं पान मी परत सांगते. गेउआ, टाइप कर आणि माझ्याकडे बघू नकोस.

बायका आल्या तेव्हा उन्हं पायरीवर होती. डेल्मा जाताना सांगून गेली होती, बुबू, लॅपटॉपला हात लावू नकोस. मी रताळी राखेतून काढत होते. मिलिका म्हणाली, "ऐकलं ते खरं का? तू म्हणे ऑफिसात काम करतेस. अक्षर न येणारी ऑफिसात काय करते, माश्या हाकलते?" बाकीच्या हसल्या. मिलिकाला बायबल वाचता येतं, हे ती चाळीस वर्षं मला विसरू देत नाही.

मी राखेचे हात झग्याला पुसले, न पुसल्यासारखेच, आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. म्हटलं, बघा. सासू धरली, मागे फिर टिपलं. पडद्यावरची एक ओळ गेली. पुढे ये टिपलं, ओळ आली. बायका पुढे सरकल्या. परत कर म्हणाल्या. परत केलं. मिलिका म्हणाली, एका ओळीचं काय, एक ओळ तर माझी मांजरही घालवेल.

मग मी बोट उचललंच नाही. दाबून धरून ठेवलं. ओळी सरासरा निघाल्या, पान आकसायला लागलं, जसा पेटलेला गवताचा बांध आकसतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही हसू येत होतं. हे सांगायलाच हवं, मला हसू येत होतं.

मग म्हटलं, आता सगळं परत आणते. पण टाळ्यांच्या नादात करंगळी सासूवरून सुटली होती. वरच्या रांगेतलं सहावं बटण दाबलं ते एकटंच. पानावर एक अक्षर उमटलं. मी घाईनं सासू धरून परत टिपलं, पुन्हा टिपलं. काही येईना. तेव्हा मला डेल्माची ताकीद आठवली. वाट बुजली होती.

आणि मग मी काय केलं. मी घाबरले. घाबरलीस तर आधी दार लाव. मी दार लावलं. नीट, दोन वेळा.

बायकांना म्हटलं, झालं, असं काम असतं. त्या चहा पिऊन गेल्या.

गेउआनं एवढं टाइप केलं आणि बोटं मांडीवर ठेवली. म्हणाली, "डेल्माला सांग."

मी म्हटलं, "सांगेन."

"आज सांग."

मी म्हटलं, तू टाइप करायला बसलीस की उपदेश करायला.

रविवार, १४ जुलै

चर्चमधून आले तेव्हा डेल्मा लॅपटॉपपुढे बसली होती आणि रडत होती, पण चांगलं रडणं. काम सापडलं. ती म्हणाली, जितक्या वेळा दार लावलंस तितक्या वेळा या प्रोग्रामनं गुपचूप एक जुनी प्रत बाजूला ठेवली होती. असं असतं हे मला माहीतच नव्हतं, बुबू. बुधवार संध्याकाळपर्यंतचं सगळं आहे.

माझ्या छातीवरून डोंगर उतरला. म्हणजे मी शंभरदा दार लावलं म्हणूनच वाचलं ना. मनात म्हटलं, झाकली मूठ झाकलीच राहू दे.

पडद्याच्या बाजूला एक लांब यादी उघडली होती, प्रत्येक ओळीपुढे आकडे. डेल्माचं बोट एका ओळीवर बराच वेळ थांबलं. मग तिनं विचारलं, गुरुवारी बायका साधारण केव्हा आल्या होत्या. मी म्हटलं, उन्हं पायरीवर आली तेव्हा. तिनं मान हलवली. मग फडकं घेऊन माझा कीबोर्ड पुसायला बसली. तळच्या रांगेतल्या पहिल्या बटणावर राख होती. एकच बटण कितीतरी वेळ पुसत बसली. पोर मोठी नीटनेटकी, आईवर गेली आहे.

गेउआ इथं टाइप करायची थांबली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, पुढे बोल. पुढे काही नाही.

मंगळवार, १६ जुलै

दोन दिवस मला कामाला बोलावलं नाही. कीबोर्ड फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलाय. डेल्मा म्हणते, आता एका हाताची सवय झाली. सवय कसली. अंगठा आणि करंगळी ताणून ताणून दोन बटणं गाठते, आणि एकदा तर हनुवटीनं सासू दाबली. मी बघते आणि लसूण सोलते. घरात सोलायला लसूण उरलेला नाही.

सकाळी मात्र नवीनच काढलंय. काम सुरू करायच्या आधी दोन कप चहा टेबलावर ठेवते आणि माझ्यासमोर बसते. लॅपटॉप मिटलेला. मी विचारलं, "काय गं?"

"काही नाही, बुबू. तू बोल."

मग मी कोंबड्यांचं सांगते, पाद्रीबाबांच्या खोकल्याचं सांगते. ती ऐकते. चहा संपतो. ती उठते.

तिला माझा सहवास हवासा वाटतो, असं मी गेउआला म्हटलं. गेउआ म्हणाली, तुला वाचता येत नाही हे ठाऊक होतं, पण इतकं?

गुरुवार, १८ जुलै

मंडळाच्या बायका आल्या. मिलिका म्हणाली, ते जादूचं परत दाखव, माझ्या सुनेला आणलंय बघायला. मी म्हटलं पाठ धरलीय. खोटं बोलायचा हात आता चांगला बसलाय, बिलुमसारखा, न बघता.

त्या गेल्यावर डेल्मा आतल्या खोलीत लिअनशी बोलत होती, इंग्रजीत. मला एक अक्षर कळत नाही. गेउआ दाराशी होती, तिला कळतं. मी तिला बाहेर ओढून विचारलं. तिनं नको म्हटलं. मी हात सोडला नाही.

तिनं सांगितलं ते असं. डेल्माला लेखी ताकीद मिळाली आहे. पक्कं होणं सहा महिने पुढे गेलं. तीन दिवसांचं काम वर पाठवलं नाही ही एक चूक. आणि दुसरी, शुक्रवारी डेल्मानं लिअनला सांगितलं वीज गेली म्हणून झालं, आणि सोमवारी आपण होऊन सांगितलं की वीज गेली नव्हती. लिअन विचारत होती, मग शुक्रवारी तू असं का म्हणालीस. मी तुझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू.

"मग डेल्मा काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी चूक झाली."

"माझं नाव घेतलं?"

"नाही."

ती वीज माझी होती. माझ्या तोंडातून निघाली आणि तिच्या तोंडावर जाऊन बसली.

शुक्रवार, १९ जुलै

आज सकाळी दोन कप होते. मी पाद्रीबाबांच्या खोकल्याचं परत सांगितलं. जीभ टाळ्याला चिकटते म्हणतात ते खोटं. माझी तर चालूच राहते, नको तिकडे.

शनिवार, २० जुलै

सांगितलं.

आमच्यात चूक केली की तोंडानं सांगायचं आणि हातानं द्यायचं. समोरच्यानं घेतलं तर त्याचं पोट थंड झालं, म्हणजे राग गेला. घेतलं नाही तर नाही, मग पुन्हा यायचं. माझ्याकडे एक बिलुम होती, चार महिने विणत होते, सप्टेंबरच्या मेळ्यात मांडायची म्हणून. लाल आणि काळी, डोंगराच्या नक्षीची. तेवढी चांगली माझ्या हातून पुन्हा होणार नाही, डोळे आता साथ देत नाहीत.

सकाळी तिनं कप ठेवले. मी बिलुम टेबलावर ठेवली. म्हटलं, "बुबू, वीज गेली नव्हती. मी बायकांसमोर मिरवायला मागे फिर दाबून धरलं. मग दार लावलं. मग तुझ्याशी खोटं बोलले. आज नऊ दिवस झाले."

तिनं कपाकडे बघत म्हटलं, "गुरुवार, अकरा वाजून दहा मिनिटं. त्या यादीत होतं. तेव्हा मी दवाखान्याच्या रांगेत उभी होते."

मला बसायचं सुचलं नाही. "म्हणजे तुला रविवारपासून ठाऊक होतं?"

"रविवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. रोज दोन कप ठेवत होते."

मी पाद्रीबाबांचा खोकला आठवला. पाच सकाळी.

ती म्हणाली, "काम गेलं त्याचं मला काही नाही, बुबू. ते वर पाठवलं नाही ही माझी चूक, त्याची लाज मला आहेच. पण मी तुला विचारलं आणि तू वीज म्हणालीस. मी ती तशीच उचलून ब्रिस्बेनला दिली. तुझ्या तोंडचं म्हणून तपासलंसुद्धा नाही."

मग कामाला बसली. बिलुमला हात लावला नाही. दुपारी जेवणासाठी टेबल मोकळं करायचं होतं, तर तिनं ती उचलून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तिच्या खोलीत नाही, बाहेरच्या खोलीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

सोमवार, २२ जुलै

मी हट्ट धरला की लिअनला मीच सांगणार. डेल्मा नको म्हणत होती. मी म्हटलं, तुझ्या तोंडावर बसवलेलं मला माझ्या हातानं काढू दे.

पडद्यावर लिअन दिसली. बारीक केस, मोठा कप, मागे झाड. मी इस्त्रीचा ब्लाउज घातला होता. मी बोलले, डेल्मानं इंग्रजीत सांगितलं. शेवटी माझी मान इतकी खाली गेली की डेल्मानं मला कोपरखळी मारली, पडद्यात नुसता माझा भांग दिसत होता म्हणे.

लिअननं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं, शेवटी सेव्ह करायला, म्हणजे दार लावायला, तिला कुणी शिकवलं. डेल्मा म्हणाली, मी. लिअन हसली की काय मला कळलं नाही, तिनं कप तोंडाला लावला.

मग तिनं सांगितलं. ताकीद तशीच राहील. बटण कुणीही दाबू शकतं, मांजरही दाबतं, म्हणूनच काम रोज वर पाठवायचं असतं. सहा महिनेही तसेच. फक्त, डेल्मा सोमवारी खरं बोलली होती आणि शुक्रवारी तिला खोटं ठाऊक नव्हतं, एवढं ती कागदावर घालेल.

मी मनात हिशेब मांडला होता की मी कबूल केलं की सगळं जागेवर येईल. एवढी मोठी लाज उचलून नेली आणि तिची किंमत एक ओळ निघाली. आणि मांजराची बरोबरी पुन्हा झाली ती वेगळीच. डेल्मानं पडदा मिटला आणि म्हणाली, "एक ओळ पुष्कळ आहे, बुबू." पण बिलुमकडे तिनं बघितलं नाही. मी बघितलं.

बुधवार, २४ जुलै

बिलुम खिळ्यालाच आहे. मिलिका सकाळी पीठ मागायला आली, म्हणाली, ही मेळ्यासाठीची ना, इथं का टांगलीस. मी तिला सगळं सांगितलं, टाळ्या वाजवल्यापासूनचं. मला वाटलं आता हिला महिनाभर पुरेल. ती पिठाचं भांडं धरून उभी राहिली. म्हणाली, "मांजराचं मी बोलायला नको होतं."

तिच्याकडे हातानं देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून निम्मं पीठ परत ओतून गेली.

शुक्रवार, २६ जुलै

आज डेल्माचं प्लास्टर निघायचं होतं. मी कोंबड्यांमागे होते, ती केव्हा गेली कळलं नाही.

आत आले तर खिळा रिकामा. माझ्या मनात आधी आलं की पडली. फळीखाली बघितलं, बाकाखाली हात घालून बघितलं. मग टेबलाकडे लक्ष गेलं. लॅपटॉपही नव्हता.

गेउआ आली तिनं सांगितलं. रस्त्याच्या वळणावर तिला डेल्मा दिसली, ट्रकची वाट बघत उभी. बिलुम पाठीवर, लॅपटॉप तिच्यात, आणि पट्टा डोक्याला. गावातल्या पोरी खांद्याला अडकवतात, डोक्याला लावायची त्यांना लाज वाटते. हिनं डोक्याला लावला होता. मी दोनदा विचारलं. गेउआ म्हणाली, समुद्राची शपथ.

हात सुटला म्हणजे माझी नोकरी संपली. चोवीस दिवस झाली. त्यातले सात मी धड काम केलं.

गेउआ वहीची पानं लावतेय. विचारते, अकरा तारखेच्या पानावर "विशेष काही नाही" असं आहे, त्यावर फुल्या मारून टाकू का. टाइपरायटरला मागे फिरता येत नाही, पण फुल्या मारता येतात, कचेरीत तसंच करायचे.

मी म्हटलं, नको. ते पान तसंच राहू दे.